चेसिस नंबर कुठं गेला? (चेतक दुरुस्ती, महिना आठवा)

धुऱ्यावरचा | बुधवार, सकाळ

मंडळी, मागच्या धाग्यात मी "दिवाळीला स्कूटर वाजवत गावात येतो" असं लिहून बसलो होतो. दिवाळी झाली, तुळशीचं लग्नही लागलं. स्कूटर अजून पुलगावातच आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. बाबांची १९९१ची बजाज चेतक. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आता रिटायर. २०१३ पासून गाडी कोठ्यात उभी होती, अंगावर कुटाराची पोती. यंदा मार्चमध्ये बाहेर काढली. मिस्त्री म्हणाला, "दोन महिन्यात देतो न भाऊ, टनाटन." पेंटर म्हणाला पंधरा दिवस. त्या दोघांपैकी पेंटरनं शब्द पाळला. तेच नडलं, कसं ते पुढं येईलच.

काल मंगळवारी ठरवलं की एका दिवसात सगळी अडलेली कामं मार्गी लावायची. सिलिंडरचा ब्लॉक मागच्या महिन्यात मिस्त्रीकडून घरी आणून ठेवला होता, कारण त्याच्याकडून तो लेथवाल्याकडे जातच नव्हता. तो युरियाच्या चुंगडीत बांधला आणि सकाळची एसटी धरली. कंडक्टरनं चुंगडीला पाय लावून पाहिला.

"काय होय हे?"
"इंजिनाचा ब्लॉक होय."
"कोंबडं-गिंबडं नाही न?"
"नाही."
"मंग खाली ठेवा, सीटवर नोका ठेवू. आइल लागते."

पुलगावात साडेआठला पोचलो तर शटर बंद. समोरच्या पानठेलेवाल्यानं खर्रा घोटता घोटता बातमी दिली: मिस्त्री तेरवीले गेला, अकरा वाजेपावतर येते. बरं, त्याचा पोऱ्या? "पोट्टा सध्या कापूस वेचाले जाते. तिथं किलोनं पैसे भेटते. इथं मिस्त्री नुसता चहा पाजते." म्हणजे आमच्याच वावरात वेचायला माणूस मिळत नाही म्हणून मी ओरडतो आणि त्याच कापसानं माझ्या स्कूटरचा हात पळवलाय. कोणाला बोलणार?

मागच्या टिनाखाली गाडी पाहून आलो. पांढरा रंग असा चकाकतोय की डोळे दिपावेत. इंजिन नाही. फ्लोअरवर एक कोंबडी बसलेली, अगदी मालकीण असल्यासारखी. मला पाहून उठलीसुद्धा नाही.

मिस्त्री सव्वाबाराला आला. "भाऊ, तुमचंच काम करून राहिलो होतो, मनातल्या मनात." याच्यावर माणूस काय बोलेल? दोघं मिळून लेथवाल्याकडे गेलो.

कालच्या दिवसात भेटलेला सगळ्यात सरळ माणूस म्हणजे हा लेथवाला. त्याचा पहिला प्रश्न, "पिस्टन आणला का? पिस्टन हातात असल्याशिवाय मी बोअर मारत नाही." मी ऐटीत ०.५० चा, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा, पिस्टन काढला. चार महिन्यांपूर्वी मिस्त्रीच्या अंदाजानं मागवलेला. त्यानं ब्लॉकमध्ये गेज घातलं, दोनदा फिरवलं, आणि मान हलवली. चेतकचा मूळ बोअर, म्हणजे ब्लॉकमधलं पिस्टनचं भोक, ५७ मिलिमीटर. हा ब्लॉक कधीतरी आधीच पाऊण मिलिमीटरवर जाऊन आलेला, वर आणखी झिजलेला. आता थेट १.०० लागणार. मग जुना पिस्टन मागितला (तो माझ्या पिशवीतच होता!), त्याच्या टकलावरचा कार्बन पट्टीनं खरवडला. खाली ठळक ७५ ठोकलेलं. आठ महिने हा आकडा माझ्या हाताखाली होता. मोजायचे पैसे त्यानं घेतले नाहीत. बहुतेक माझं तोंड पाहून.

दुपारी एसटीनं वर्धा. बजाज चौकात उतरलो आणि मनात आलं, जमनालाल बजाजांचं हे गाव, आपल्याला एक बजाजचा पिस्टन मिळणार नाही का? पहिल्या दुकानात पोरगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, चेतकचं काही येत नाही. दुसऱ्या दुकानातले काका जुने. "टू स्ट्रोक का फोर स्ट्रोक?" एवढं विचारलं तेव्हाच मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. स्टुलावर चढले, सगळ्यात वरच्या खणातून धुळीनं माखलेला डबा काढला. डब्यावर १.००. मला गहिवरून आलं. उघडला तर आत पिस्टनच्या डोक्यावर ५०.

"डब्यावर तं एक लिहिलं हाय न," काका म्हणाले.
"काका, डबा नाही न बसवायचा."

ते हसले आणि नागपूरला फोन लावून दिला. दोन दिवसांत एसटी पार्सलनं येईल म्हणे. ऑइल सीलचा सेट आणि कंडेन्सर तेवढे मिळाले.

शेवटचं काम आरटीओ. नोंदणीची मुदत कधीच संपलेली, म्हणून नूतनीकरणाचे कागद विचारायला गेलो होतो. खिडकीवरच्या मॅडम चांगल्या होत्या, एकेक सगळं सांगितलं: फॉर्म २५, विमा, पीयूसी, पर्यावरण कर, मग गाडी तपासणीला आणा. शेवटी म्हणाल्या, "जुन्या गाडीत चेसिस नंबरवरच अडते. पेन्सिल फिरवून छाप उमटते का ते घरीच पाहून घ्या." मी मोठ्या अभिमानानं मोबाइलमधले फोटो दाखवले. डिक्की काढल्यावरचा तो पत्रा, ज्याच्यावर नंबर ठोकलेला असतो. आरशासारखा. मॅडमनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"नंबर कुठं आहे?"

मी पण पाहिलं. नंबर नव्हता.

बाहेर येऊन पेंटरला फोन लावला. त्याचं उत्तर जसंच्या तसं देतो: "भाऊ, तिथं लय खड्डे होते. आकड्यासारखे. मी पुट्टी भरून असं लेवल मारलं, का पाह्यतच राहान."

रात्री नऊला घरी. ब्लॉक जसा गेला तसाच आला, मांडीवर. बाबांनी विचारलं, "काय काम झालं?" मी म्हटलं, कंडेन्सर आणला. ते म्हणाले, "वा."

तर जाणकारांनो, दोन प्रश्न. पुट्टी काढायची कशी, आकडे न घासता? आणि १.०० नंतर पुढं काय, का ब्लॉकची कहाणी संपली?

---

सायलेन्सर | बुधवार, दुपार

"आकड्यासारखे खड्डे"!! ऑफिसात हसलो, शेजारचा उठून पाहायला आला.

आता कामाचं. ग्राइंडर, तारेचं चाक, ४० नंबरचा पॉलिश पेपर यातलं काहीही त्या पत्र्याजवळ नेऊ नका. पेंट रिमूव्हर ब्रशनं लावा, वर प्लास्टिकची पिशवी चिकटवा म्हणजे सुकणार नाही, आणि लाकडाच्या पट्टीनं खरवडा. रंग लगेच सुटेल. पुट्टी चिवट असते, तीनचार वेळा लावावं लागेल. शेवटी पितळी ब्रश, हलक्या हातानं. हातमोजे घाला, ते रिमूव्हर कातडीला झोंबतं. आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो ठेवा. घासलेला नंबर दिसला की कुठल्याही अधिकाऱ्याला संशय येणारच, त्यात त्याचं चूक नाही. पुट्टी भरलेला फोटो आणि मग निघालेला नंबर असं दाखवता आलं तर बोलणं सोपं जातं.

---

पुणेरी_वऱ्हाडी | बुधवार, दुपार

मी आर्वीचा. एवढंच सांगतो की तुमच्या चेतकच्या आधी पुलगाव-आर्वीची बंद पडलेली शकुंतला रेल्वे सुरू होईल. 😄

---

धुऱ्यावरचा | बुधवार, दुपार

@पुणेरी_वऱ्हाडी, शकुंतलेच्या रुळांवर निदान कोणी पुट्टी भरली नाही.

---

गावठी_इंजिनेर | बुधवार, संध्याकाळ

धागा वाचून जुनी जखम उघडली. मी याच वाटेनं गेलोय, फक्त माझी गाडी बजाज सुपर होती.

तुमचं चुकलं ते एकच, रंग आधी केला. सगळ्यांचं हेच होतं, कारण रंग डोळ्याला दिसतो आणि घरच्यांना दाखवता येतो. मिस्त्री चार महिने क्रँक उघडून बसला तर दाखवायला काय असतं? म्हणून आपण पेंटरकडे पळतो. पण रंगवलेल्या बॉडीत इंजिन चढवताना एकदा तरी पाना घसरतो, कुठं तरी टवका उडतोच. शिवाय तुमचा फ्लोअर आतून तपासला होता का? गाडी दहाबारा वर्षं कोठ्यात होती म्हणता. कोठ्यात जनावराचं मूत, ओल. चेतकचा पत्रा स्टँडच्या कडेनं आतून सडतो आणि वरून पुट्टी दिसते झकास. चावीनं ठोकून पाहा. टणटण वाजलं तर पत्रा, बद्द वाजलं तर पुट्टी.

१.०० बद्दल: घाबरू नका. ब्लॉक बिडाचा आहे. पुढं कधी गरज पडली तर स्लीव्ह टाकून परत ५७ वर आणता येतो, चांगला लेथवाला पाहिजे आणि तो तुम्हाला सापडलाय. त्याला सोडू नका. पिस्टन आला की रिंग बोअरमध्ये सरळ ठेवून तोंडातली फट त्याच्याकडूनच मोजून घ्या.

ऑइल सील आणले हे कालचं खरं काम समजा. इतकी वर्षं उभ्या गाडीचं रबर दगड होतं. टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस (इंजिनाचा खालचा डबा) हवाबंद नसेल तर बाकी सगळं वाया. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल पितं आणि धुराचा लोट निघतो. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस होते, आणि तुम्ही कार्बोरेटरला शिव्या देत बसता. नवा पिस्टन अशानं आठ दिवसांत जाम होतो. सील बसवताना समोर उभे राहा.

आणि पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल ओल शोषतं, जुने रबरी पाइप फुगवतं. पेट्रोलचा पाइप, कॉकचे वॉशर सगळे नवे टाका. गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्बोरेटर रिकामा होतो. पेट्रोलमध्ये ऑइल दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिली. आपले लोक "जास्त टाकलं तर इंजिनाला चांगलं" म्हणून ओततात आणि मग प्लग साफ करत फिरतात.

---

खोचक | बुधवार, रात्र

आतापर्यंत खर्च किती? एवढ्यात जुनी ॲक्टिव्हा आली असती. नाहीतर बजाजनं २०२० मध्ये चेतक नावानंच बॅटरीची गाडी आणली आहे, ती घ्या. ना पिस्टन, ना पुट्टी.

---

धुऱ्यावरचा | बुधवार, रात्र

@खोचक, पेंट आणि डेंटिंग १३,५००. सुटे भाग ६,२०० (त्यात चुकीचा पिस्टन). टेम्पो ८००. मिस्त्रीला ॲडव्हान्स ३,०००. एसटीचं भाडं आणि आलूबोंडे मी मोजणं सोडलंय. जुनी ॲक्टिव्हा आली असती हे खरं आहे. घरी एक आहेच. तिच्यावर बाबा बसत नाहीत, म्हणतात गिअर नसलेली गाडी म्हणजे दोर नसलेला बैल.

@गावठी_इंजिनेर, तुम्ही लिहिलेलं वाचून गप्प झालो. चावी ठोकायची हिंमत करतो.

---

आजीची_गोधडी | गुरुवार, सकाळ

माझं माहेर हिंगणघाट. मामांनी चेतकसाठी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं आणि गाडी आली तेव्हा मी पुढं उभी राहून फिरायला तयार होते. तेव्हा दहा दहा वर्षं वाट पाहायचे लोक. त्या मानानं तुमचे आठ महिने म्हणजे काहीच नाही.

एक विचारायचं होतं. मामा थंडीत स्कूटर सुरू करण्याआधी तिला उजवीकडे झोपवायचे, मग उभी करून किक मारायचे. आम्हाला वाटायचं नमस्कार करवून घेतात. ते नेमकं काय होतं?

---

सायलेन्सर | गुरुवार, सकाळ

@आजीची_गोधडी, गाडी कलवली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल जेटकडे चढतं, पहिल्या किकला मिश्रण दाट मिळतं. चोकचंच काम. चोकची वायर बहुतेकांची तुटलेली असायची, म्हणून सगळं गाव झोपवायचं. आणि इंजिन उजव्या अंगाला असल्यानं त्या बाजूला गाडी स्वतःच पडायला तयार असायची.

---

कागदवाला | गुरुवार, दुपार

वर कोणी लिहिलं नाही म्हणून. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून दुचाकीची फी १००० झाली, आणि २० वर्षांवरच्या दुचाकीला २०२५ च्या बदलानंतर २०००. उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० जास्त, असं नियमात आहे, तेव्हा खिडकीवर नीट हिशोब मांडून घ्या. पर्यावरण कर दुचाकीला ५ वर्षांचे २०००. शिवाय १ एप्रिल २०१९ आधीची गाडी म्हणजे नवी सुरक्षा नंबर प्लेट लागणार, दुचाकीला ४५० अधिक जीएसटी.

आणि व्हिंटेजचा मोह धरू नका, तो नियम ५० वर्षांवरच्या गाड्यांना आहे. चेतक आलीच १९७२ मध्ये.

रंग मूळचाच ठेवलात हे बरं केलंत. आरसीवर पांढरा आणि गाडी लाल असती तर आणखी एक चक्कर होती.

---

पाना_दहा_बारा | गुरुवार, रात्र

माझं स्वतःचं गॅरेज आहे, यवतमाळकडे, छोटंसं. मिस्त्रीच्या बाजूनं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

तेरवीवरून सगळे हसले. ठीक आहे. पण रोज सकाळी माझ्या दारात चार स्प्लेंडर येतात. क्लच वायर, ब्रेक शू, ऑइल. अर्ध्या तासाचं काम, हातात रोख. त्याच्यावर माझं घर चालते. जुनी स्कूटर उघडली का दिवस जाते, त्यात एक बोल्ट तुटला तर दुसरा दिवस. सामान येईपर्यंत ती जागा अडवते आणि मालक आठवड्यातून दोनदा फोन करते, "झाली काय?" पार्ट तुम्ही आणाल तेव्हा होईन न भाऊ! तुमचा पिस्टनच चुकीचा होता, मग मिस्त्री आठ महिने काय लावणार होता?

चूक त्याचीही आहेच. मोजल्याशिवाय ०.५० सांगायला नको होतं, आणि "दोन महिने" तर मुळीच म्हणायला नको होतं. आम्ही म्हणतो, कारण नाही म्हटलं तर माणूस नाराज होऊन जाते.

माझ्याकडे एक गुरुजी राजदूत मोटरसायकल घेऊन आले होते. त्यांनी काय केलं, सामान सगळं आधी जमा केलं, मग म्हणाले, "तुझा एक रविवार मले दे, दिवसाची मजुरी सांग, मी बाजूला बसतो." तीन रविवारात गाडी उभी झाली. तुम्ही तसं करून पाहा. आणि हो, पोऱ्याला वेगळे शंभर द्या, कापूस वेचायला जाणार नाही.

---

धुऱ्यावरचा | गुरुवार, रात्र

@पाना_दहा_बारा, तुमचं म्हणणं पटलं, थोडं लागलंही. सामान अपुरं ठेवून त्यालाच तारखा मागत होतो. रविवारचं विचारतो.

---

धुऱ्यावरचा | सोमवार, सकाळ

मंडळी, बातम्या.

पार्सल आलं. डबा उघडून आधी पिस्टनचं टकलं पाहिलं, १.०० च आहे. शनिवारी लेथवाल्यानं बोअर मारून दिला, पिस्टन घालून दाखवला, हात सोडल्यावर तो स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली उतरला. तेवढं पाहायला मी परत तीनदा लावला.

चावी ठोकली. उजवीकडे टणटण. डावीकडे स्टँडजवळ वीतभर बद्द. वेल्डर म्हणतो, कापसाच्या ट्रॉल्या संपल्या की या. म्हणजे संक्रांत धरा.

मिस्त्रीनं पुढचा रविवार दिलाय. पोऱ्यापण येतो म्हणाला, शंभरात नाही, दोनशेत.

काल बाबांना घेऊन गेलो होतो, रिमूव्हर लावून दुपारभर बसलो. कोंबडी तेवढ्यापुरती उठली. चौथ्या थराला पहिला आकडा दिसला, मग एकेक करत सगळे आले. फक्त शेवटचा, तिथं गंजानं खरंच खड्डा आहे. आरसीवर ८ आहे. पत्र्यावर पाहिलं तर मला ३ वाटतो. मिस्त्रीलाही ३. बाबांनी चष्मा काढून बोट फिरवलं आणि म्हणाले, आठ आहे, डावीकडची कडा लागते हाताला. आता मॅडमना बोट फिरवून पाहा असं सांगता येईल का?

---

सायलेन्सर | सोमवार, दुपार

बोट नको. आकड्यांवर पांढरा खडू आडवा घासा, मग सपाट कापडानं वरचा वर पुसा. खाचेत खडू राहतो, आकडा उठून दिसतो. तसाच फोटो घ्या, मग पेन्सिलचा छाप.

---

धुऱ्यावरचा | सोमवार, रात्र

पण गाडी पांढरी आहे न भाऊ.

---

सायलेन्सर | सोमवार, रात्र

मग रंगीत घ्या.

---

धुऱ्यावरचा | मंगळवार, दुपार

घरात मास्तर असल्याचा फायदा, रंगीत खडूंचा अख्खा डबा निघाला. लाल लावला. आठ आहे.